विसाव्या अध्यक्षांची घंटा

आमच्या घरात त्यांना विसावे म्हणत. अमेरिकेचे विसावे राष्ट्राध्यक्ष, एवढं लांब म्हणायला माझ्या वडिलांना, अण्णांना, वेळ नसे, आणि त्यांचं खरं इंग्रजी नाव अण्णांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. "नाव विसरलात तरी चालेल, सिद्धता विसरू नका," असं आमचे शिंदे सर वर्गात म्हणाले होते. अण्णांनी त्यातला पहिला भाग मनावर घेतला. आज सिंगापुरात, सेंगकांगच्या या फ्लॅटमध्ये बसून फोनवर बोट फिरवलं की ते दाढीवाले गृहस्थ, त्यांचं लाकडी घर, त्यांची आई, सगळं समोर येतं. तरी मी इथे त्यांचं नाव लिहीत नाही. ज्या माणसाविषयी मी लिहितो आहे तो आमच्या ओसरीवर विसावे म्हणूनच राहत होता.

अण्णा शाळेत शिपाई होते. परभणीकडचं आमचं तालुक्याचं गाव, गावाबाहेर शाळा, आणि शाळेच्या मागे शिपायाची एक खोली. आई मी लहान असतानाच गेली. थोरला भाऊ दत्ता, मी आणि अण्णा असे तिघे त्या खोलीत. सकाळी अण्णा भाकरी थापत तेव्हा बाहेर अजून अंधार असे, आणि भाकरी उलटताना हात पोळला की ते तोंडानं नुसतं "हं" करत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वरण. मग ते केरसुणी घेऊन वर्ग झाडायला जात. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, लिंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेला, आणि शेजारी लोखंडी गज. शाळा भरताना ते सलग वाजवत. सुटतानाची रीत वेगळी होती. आधी तीन सुटे ठोके, मग धावती घंटा, आणि मग पोरं फाटकापर्यंत पोचून आवाज पांगला की अण्णा थांबून एकच ठोका देत, हलका. तो कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "मागं राहिल्यांसाठी," ते म्हणाले. "एखादं लेकरू दप्तर भरत असतंय, एखादं नुसतंच बसलेलं असतंय. त्याला कळाया पाहिजे की सुटली."

विसाव्यांची गोष्ट शिंदे सरांनी नववीच्या वर्गात सांगितली. पायथागोरसचा सिद्धांत चालू होता. सरांनी फळ्यावर एकाच रेषेवर दोन सारखे काटकोन त्रिकोण काढले, एक आडवा आणि एक उभा, त्यांची टोकं वरून जोडली, आणि म्हणाले, हा झाला समलंब चौकोन. याचं क्षेत्रफळ एकदा सगळ्याचं मिळून काढा, एकदा तीन त्रिकोणांचं वेगवेगळं काढून बेरीज करा. दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवली की सिद्धांत आपोआप सुटतो. मग खडू खाली ठेवून त्यांनी सांगितलं की ही सिद्धता एका राजकारण्याची आहे. बाप लहानपणी वारला, आईनं वाढवलं. पोरगा कालव्यावर बोटी ओढणाऱ्या खेचरांना हाकायचा, कितीदा तरी पाण्यात पडला, हिवतापानं घरी आला. आई म्हणाली, शीक. मग एका शाळेत तो झाडलोट करायचा आणि घंटा द्यायचा, त्यावर त्याची फी भागायची. पुढे त्याच शाळेचा तो प्रमुख झाला. मग सेनापती, मग संसदेत, आणि मग राष्ट्राध्यक्ष. शपथ घेताना म्हातारी आई समोर बसलेली. त्यांच्या आधी कुठल्याच अध्यक्षाच्या आईला ते बघायला मिळालं नव्हतं.

अण्णा तेव्हा हजेरीपट घेऊन दारात आले होते. ते गोष्ट संपेपर्यंत तिथेच उभे राहिले, आणि सर त्यांना उभं राहू देत बोलत राहिले. त्या संध्याकाळी वर्ग झाडताना अण्णांनी फळा पुसला, पण ती आकृती पुसली नाही. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या बाई, घंटावाल्याची हाय."

त्यानंतर विसावे आमच्याकडे राहायलाच आले. मी अभ्यासाला टाळाटाळ केली की विसावे काय करत होते ते मला ऐकावं लागे. दत्ता वैतागून म्हणे, "आम्हाला काय अमेरिकेत निवडून यायचंय?" अण्णा म्हणत, "तू नको येऊ. तू पाणी भर." विसाव्यांच्या शेवटाची गोष्ट अण्णांना फारशी आवडत नसे. अध्यक्ष होऊन काही महिने झाले नाहीत तर स्टेशनवर कुणी तरी गोळी घातली. उन्हाळाभर ते अंथरुणात पडून होते. डॉक्टर जखमेत बोटं घालून गोळी शोधत राहिले, आणि त्यानंच जखम नासली. पण एक भाग अण्णा पुन्हा पुन्हा सांगायला लावत. अखेरीला त्यांना समुद्राकाठी न्यायचं ठरलं, तेव्हा लोकांनी रातोरात घराच्या दारापर्यंत रूळ टाकले, आणि इंजिनाला चढ चढवेना तेव्हा डबा हातांनी ढकलला. "रूळ," अण्णा म्हणत, आणि लिंबाकडे बघत. "आपलाबी रूळच हाय."

मी नांदेडला इंजिनियर झालो. आमच्या घरात पदवीचा कागद आलेला तो पहिला. त्यात सरांच्या शिकवण्या होत्या, दत्तानं सोडलेलं शिक्षण होतं, आणि पुढे ज्यांनी मला सिंगापूरला पाठवलं त्या साहेबांचा विश्वास होता. हे उपकार मी मोजत बसत नाही, पण विसरलेलोही नाही. टॅम्पिनीसला मोघे काका-काकूंच्या फ्लॅटमध्ये मला एक खोली भाड्याने मिळाली. काका बँकेच्या संगणकांचं काम बघत, पुण्याचे. काकूही पुण्याच्याच, बोलायला फटकळ आणि वाढायला सढळ. त्यांची मुलगी मुक्ता अकरा वर्षांची, शाळेत इंग्रजी, घरात मराठी, आणि राग आला की दोन्ही. मला ती पहिल्या दिवसापासून बालाजी दादा म्हणू लागली. त्या घराचे आवाज मला अजून ओळखता येतात. काकूंचा मिक्सर, लिफ्टची घंटी, खालच्या मजल्यावरच्या मलाय आजीचा खलबत्ता, आणि लांबून जाणारी एमआरटीची गाडी, जिचा आवाज येतो आहे हे ती गेल्यावरच कळे. रविवारी काका लिटल इंडियाला जाऊन कढीपत्ता, पोहे आणि नारळ आणत, आणि काकू पिशवी उघडून म्हणत, "नारळ हलवून बघितलात का नुसताच उचललात?"

त्या वर्षी त्यांच्याकडे सिंगापुरातला पहिला गणपती बसणार होता. आधी दोन वर्षं घर लावण्यात गेली होती. काकूंनी पुण्याहून येताना मूर्ती मांडीवर घेऊन विमानप्रवास केला होता. जेवणाचा ट्रे ठेवायला जागा नाही म्हणून त्या उपाशी आल्या, हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. शनिवारी काकांनी प्रतिष्ठापना केली. त्यांना रविवारी सकाळच्याच विमानानं कामासाठी जकार्ताला जायचं होतं, विसर्जनाला ते परत येणार होते. जाताना मला म्हणाले, "बालाजी, तुला सगळ्या आरत्या पाठ आहेत. मधले दिवस तू सांभाळ. आमच्या हिला चाल जमते, शब्द जमत नाहीत." काकू आतून म्हणाल्या, "आणि यांना दोन्ही जमत नाहीत."

त्याच सुमाराला मुक्ताच्या शाळेत एक काम दिलेलं होतं. इतिहासातल्या एका माणसाचा वेष करून, तो माणूस होऊन वर्गापुढे बोलायचं. दुसऱ्या कुणी निवडलेला माणूस चालणार नव्हता, आणि मुक्ता उशिरा जागी झाली तोवर राण्या, शोधक, चंद्रावर गेलेले, सगळे संपले होते. ती रडकुंडीला आली तेव्हा मी तिला विसावे दिले. काकू म्हणाल्या, "विसावे? नगरला होते एक विसावे, त्यांच्यातले का?" मी गोष्ट सांगितली. मुक्ता म्हणाली, "नोबडी नोज हिम, लाह." मग कालवा आला, खेचरं आली, ते एका हातानं लॅटिन आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं ग्रीक लिहीत तेही आलं, आणि ती कोचावर सरळ बसली. ते दोन हातांचं खरं नसावं असं आता वाचायला मिळतं. डावरे होते, दोन्ही हातांनी लिहीत, एवढं खरं. पण आम्हाला सरांनी सांगितलं होतं, म्हणून मी तिला सांगितलं. अण्णांचीही गोष्ट तिला सांगितली, रुळाची आणि शेवटच्या ठोक्याची. तिला ती विसाव्यांपेक्षा जास्त आवडली. भाषणाच्या सुरुवातीला विसावे घंटा देतील, असं तिनंच ठरवलं. घंटा म्हणून घरात पूजेची होती. काकू म्हणाल्या, "देवाची घंटा शाळेत जायची नाही." मग म्हणाल्या, "एकच दिवस. आणि धुऊन परत ठेवायची."

रविवारी सकाळी काका गेल्यावर फोन आला. शिंदे सर तेव्हा मुख्याध्यापक झाले होते. ते पोस्टासमोरच्या बूथमधून बोलत होते, मागे ट्रकचा आवाज येत होता. ते म्हणाले, "बालाजी, अण्णा गेले. पहाटे झोपेतच. त्रास झाला नाही." मी "बरं सर" म्हणालो. ते म्हणाले, "दुपारी नेतोय. तू पोचणार नाहीस, धावपळ करू नको. दत्ता आहे, मी आहे. दहाव्याला जमलं तर ये." मी पुन्हा "बरं सर" म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं, "ऐकतोयस ना?" मी ऐकत होतो. फोन ठेवला तेव्हा काकू ओल्या हातांनी मोदकाची उकड मळत होत्या. "कुणाचा?" त्यांनी विचारलं. "गावाकडनं, सरांचा." "बरं आहे ना सगळं?" "हो," मी म्हणालो.

त्या "हो"चा मी पुष्कळदा विचार केला आहे. लपवायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. आमच्या गावात गणपती बसलेले असताना कुणाच्या घरी माणूस गेलं तर अख्खी आळी गप्प होते, लाऊडस्पीकर काढतात, आणि ज्याचं गेलं तो देवाच्या समोरही येत नाही. मी त्यांच्या गोत्राचा नव्हतो, त्यांना सुतक लागणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मी त्यांच्या घरात राहत होतो, त्यांच्या पहिल्या गणपतीची आरती माझ्या तोंडी होती, आणि काकूंच्या हाताला उकड लागलेली होती. मूर्ती मांडीवर घेऊन त्या उपाशी आल्या होत्या. आता सांगितलं तर हे सगळं थांबेल, एवढंच मला दिसलं. आणि खरं सांगायचं तर सांगण्यासारखं माझ्या आत काही हललंही नव्हतं. छातीत एखादं भांडं पालथं घालून ठेवावं तसं होतं. मी काकूंना मोदकाच्या पाऱ्या करून देणार होतो, पण मग हात पाठीमागे घेतले आणि म्हणालो की मला मुक्ताची तयारी घ्यायची आहे.

दुपारी मुक्तानं गणपतीसमोर तालीम केली. काकांचा काळा कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता आणि कापसाची दाढी घामानं सुटत होती. तिनं घंटा दिली, तीन, मग धावती, मग थांबून एक. मी शिकवलं होतं तसंच. मी दारात बसून ऐकत होतो. ती इंग्रजीत सगळं धडाधड म्हणत गेली. लाकडी घर, कालवा, झाडलोट, आकृती, निवडणुकीत जर्मन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले ते, आई शपथेला आली ते. मग गोळी. टेलिफोन शोधणाऱ्या शास्त्रज्ञानं अंगातली गोळी शोधायला एक यंत्र केलं, धातू आला की ते गुणगुणे. पण डॉक्टर म्हणाले, उजवीकडेच शोधा. आणि अंथरुणात लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे यंत्र सगळीकडेच गुणगुणत राहिलं. गोळी दुसऱ्या बाजूला होती. इथे मुक्ता थांबली आणि दाढी खाली ओढून मला म्हणाली, "दादा, पण त्यांनी स्वतःच का नाही सांगितलं? हिज ओन बॉडी, ना?"

"त्यांनाही माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"दुखत नव्हतं?"

"पायात दुखायचं. गोळी पायात नव्हती."

"दॅट्स सो वियर्ड," ती म्हणाली, आणि तिनं दाढी परत वर चढवली.

संध्याकाळी पाहुणे आले. दोन-तीन मराठी घरं, खालची मलाय आजी, काकूंच्या योगाच्या वर्गातल्या बायका. मी मुक्ताच्या हातात आरतीचं तबक दिलं आणि म्हणालो, "आज मुक्ता ओवाळेल." आणि दाराजवळ चपलांच्या ढिगापाशी उभा राहिलो. तिथूनच आरत्या म्हटल्या. एकही शब्द चुकला नाही. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, चांगला, खणखणीत. कुणी तरी म्हणालं, "केवढं पाठ आहे मुलाला." प्रसाद मी हातात घेतला आणि नंतर खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवला. जेवताना पानात मोदक होता, तूप होतं, मी सगळं नीट चावलं. काकू वाढताना एकदा माझ्याकडे बघून पुढे गेल्या.

सोमवारी मी ऑफिसला गेलो. माझ्या प्रोग्राममध्ये आठवडाभर न सापडलेली एक चूक त्या दिवशी मला पहिल्याच तासात सापडली. साहेब "शाबास" म्हणाले, मी "थँक यू" म्हणालो. परतताना टॅम्पिनीस आलं, दारं उघडली, बंद झाली, आणि मी बसूनच राहिलो. पासिर रिसला गाडी रिकामी झाली तेव्हा एका चिनी म्हाताऱ्यानं माझ्या खांद्याला हात लावला, "बॉय, लास्ट स्टेशन ओरेडी." मी उलट्या गाडीनं परत आलो. अजूनही कधी त्या मार्गानं जायची वेळ आली तर टॅम्पिनीसच्या आधी मी उठून उभा राहतो.

ब्लॉकच्या खाली मोकळी जागा असते, इथले लोक तिला व्हॉइड डेक म्हणतात. लग्नं तिथेच होतात आणि मयताचे मांडवही तिथेच पडतात. त्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. बुद्धिबळाचे चौकोन कोरलेलं एक दगडी टेबल होतं, आणि त्यापाशी काकू बसल्या होत्या, समोर स्टीलचा डबा. त्या कधी खाली येऊन बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बस."

मी बसलो. त्यांनी डबा उघडला. पिठलं आणि भात होता. गरम होता, वाफेनं झाकण ओलं झालं होतं. आमच्याकडे ज्याच्या घरी माणूस जातं त्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी शिजवून आणतात. कडू घास म्हणतात त्याला. पुण्यातही तेच म्हणत असतील हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"चपलांपाशी उभं राहून आरती कोण म्हणतं?" काकू म्हणाल्या. "तेव्हाच मला शंका आली. सकाळी तुळशीत मोदक बघितला तेव्हा तुझ्या सरांच्या शाळेत फोन लावला."

मी डब्याचं ओलं झाकण उलटं करून ठेवलं.

"गणपती आहे म्हणून बोलला नाहीस ना?"

"तुमचा पहिलाच आहे."

"पहिला आहे, शेवटचा नाही. बाप मात्र एकच होता ना तुला?" मग डबा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "हे वर देवाच्या घरात वाढता आलं नसतं. म्हणून इथे. पिठलं मी खालच्या आजींच्या गॅसवर केलं. त्यांना सांगितलं की असं असं आहे. त्यांनी स्वतः मिरची चिरून दिली. जेव."

"काकू, मला काही होतच नाहीये," मी म्हणालो. एवढं एकच वाक्य मी त्या दोन दिवसांत खरं बोललो असेन.

"असंच असतं ते, आधी काहीच होत नाही. तू जेव. दहाव्याला तू जाणार आहेस, हे काका जकार्ताहून तुझ्या साहेबांशी बोलले आहेत. आता विचार करू नकोस."

मी एक घास घेतला. पिठल्यात मीठ होतं की नव्हतं ते मला सांगता येणार नाही. काकू समोर बसून राहिल्या, हात मांडीवर, माझ्याकडे न बघता. पुढे किती तरी वर्षांनी त्या पुण्याला परतल्या, त्यांच्या शेवटच्या आजारात मी दोनदा जाऊन आलो. त्या संध्याकाळबद्दल आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.

तेवढ्यात शाळेची बस थांबली. मुक्ता दुपारच्या शाळेतून आली, अंगात शाळेचा निळा पिनाफोर, काखेत कोट, दाढी कपाळावर चढवलेली. लांबूनच ओरडली, "दादा! मी बेल दिली ना, पूर्ण क्लास गप्प. टीचर म्हणाली वेरी गुड." जवळ येऊन तिनं डबा पाहिला. "इथे का जेवतोयस?"

मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "दादाचे बाबा वारले, मुक्ता."

मुक्तानं दाढी कपाळावरून काढली आणि मुठीत धरली. "द बेल वन?"

"हो," मी म्हणालो.

ती टेबलावरचे चौकोन बघत उभी राहिली. मग म्हणाली, "देन नाऊ हू रिंग द बेल?"

दोन दिवसांत मला काही जाणून घ्यावंसं वाटलेलं ते पहिलंच होतं. लिफ्टच्या बाजूला भिंतीवर टेलिफोन होता. माझ्या पाकिटात परदेशी फोनचं कार्ड होतं. मी उठलो, हात धुतले आणि शाळेचा नंबर लावला. मुक्ता मागून येऊन माझ्या कोपराला टेकून उभी राहिली. सर ऑफिसातच होते. त्यांनी आधी तब्येत विचारली, जेवलास का विचारलं. मी विचारलं, "सर, घंटा कोण देतंय?"

सर म्हणाले, "मीच देतोय. नवा माणूस येईपर्यंत. मास्तरांना म्हटलं, बाकी कुणी हात लावायचा नाही." ते खाकरले. "आता थांब जरा. सुटायची वेळ झाली. फोन ठेवू नको."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. सरांच्या चपला गेल्या. मी रिसीव्हर थोडा खाली धरला, मुक्तानं कान लावला. खूप लांबून, हवेतून आणि समुद्रावरून आल्यासारखे, तीन ठोके आले. सुटे. मग धावती. ती अडखळली, मध्येच पुन्हा धरली, आणि संपली. मग पोरांचा गलका उठला आणि फाटकाकडे जात जात पातळ झाला. मी वाट पाहत होतो. अण्णांच्या हाताला तो अंदाज होता, किती थांबायचं त्याचा. गलका संपला. एक चिमणी बोलली. मी वाट पाहत होतो. मग सरांच्या चपला परत आल्या.

तेव्हा मला कळलं की अण्णा गेले.

सर रिसीव्हर उचलून म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं, सर."

"तुझ्या बापासारखी नाही जमत."

मुक्तानं माझ्या हातातला रिसीव्हर वर बघत धरला होता आणि ती हळूच म्हणत होती, "एक राहिला, दादा. एक राहिला ना?"

"हो," मी म्हणालो. "राहिला."